दवण्याची मेणबत्ती: दसऱ्याआधीपासून नाताळापर्यंतच्या प्रकल्प नोंदी

7 सप्टेंबर 2025, रविवार

कालच्या अनंत चतुर्दशीची मिरवणूक आज दुपारीही रेंगाळतेच आहे. बेळगावात विसर्जन म्हणजे दुसरा दिवस धरूनच चालायचं. बाजारात जायची सोय नाही, म्हणून वहीत मांडणी केली.

यंदा लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला. भाऊबीजेला आणि शेजारीपाजारी द्यायला वासाच्या मेणबत्त्या घरीच करायच्या. मेण मधमाशीचं, वास आपल्याकडच्या वनस्पतींचा. दुकानातल्या बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या, म्हणजे खनिज तेलातून निघालेल्या, आणि त्यांचा गुलाब म्हणजे कारखान्यात जुळवलेला गुलाब. त्याला माझी हरकत नाही, पण माहेरी-सासरी द्यायची वस्तू आहे तर नाकाला ओळखीचा वास हवा. मनात दोन आहेत: दवणा आणि निशिगंध.

सासूबाईंचा प्रश्न: "पणत्या हायत की घरात. हे काय नवीन काढूलालीस?"

रास्त आहे. उत्तर नंतर देईन.

14 सप्टेंबर

जांबोटीकडचे एक मध काढणारे काका मेण घेऊन आले. बरंचसं आग्या मोहोळाचं, थोडं पेटीत पाळलेल्या सातेरी माशीचं. "मेण चोख हाय ताई, खरं जरा धुऊन घ्यावं लागंल," म्हणाले. जरा म्हणजे पोळ्याचे काळे तुकडे, पंख, मातीचे कण, एक अख्खी मेलेली माशी. जुनं काळं पोळं वजनाला भरतं, पण त्यात अळ्यांच्या कोशांचे पापुद्रे असतात, म्हणून मेण कमी उतरतं. पुढच्या वेळी फिक्क्या पोळ्याचंच मागायचं.

शुद्ध करायची रीत: स्टीलच्या पातेल्यात पावसाचं गाळलेलं पाणी आणि मेणाचे तुकडे, मंद आच. लोखंडी कढई नको, मेण तपकिरी पडतं. पितळ-तांब्यात हिरवट झाक येते. बोअरच्या जड पाण्यापेक्षा पावसाचं पाणी बरं, आणि सप्टेंबरात त्याला आमच्याकडे तोटा नाही. मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, त्यामुळे उकळी आणायची गरजच नाही. वितळलं की जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळायचं, पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायचं. जितकं सावकाश निवेल तितका गाळ नीट खाली बसतो.

सकाळी वर पिवळी वडी, खाली गढूळ पाणी, वडीच्या बुडाला करड्या गाळाचा थर. तो चाकूनं खरवडून परत एकदा तेच. दुसऱ्या वेळेनंतर वडी नाकाशी धरली तर मध आणि किंचित धुपासारखा वास. हा मेणाचा स्वतःचा वास आहे. वर कुठलाही सुगंध घातला तरी याच्याशी जुळायला हवा, हे आत्ताच लिहून ठेवते.

21 सप्टेंबर, सर्वपित्री

वात. यावर जास्त लिहिते, कारण अर्धी मेणबत्ती तिथंच ठरते.

पणतीत तेल आधीच पातळ असतं. वातीनं ते फक्त वर ओढायचं. मेणबत्तीच्या वातीला आधी मेण वितळवावं लागतं, मग ओढावं लागतं, मग त्याची वाफ करून जाळावं लागतं. देवघरातली फुलवात मेणात उभी केली तर थोडी जळते, वाकते आणि बुडते. शिवाय पिळाच्या वातीला वर काजळीचा गोंडा येतो. जुन्या काळी यासाठी कात्री घेऊन बसावं लागे. 1825 मध्ये कांबासेरेस नावाच्या फ्रेंच माणसानं वेणी घातलेली वात काढली. वेणीची वात जळताना एका बाजूला वळते, तिचं टोक ज्योतीच्या बाहेरच्या, हवा भरपूर असलेल्या भागात जातं आणि तिथं जळून जातं. दोनशे वर्षं झाली, अजून तीच युक्ती चालते.

सूत वडगावातून. आमच्या मागच्या गल्लीत माग चालतात, तिथल्या काकूंनी न रंगवलेलं सुती धाग्याचं लडं दिलं. आधी जाळून बघितलं: कागद जळाल्यासारखा वास आणि चिमटीत चुरणारी राख, म्हणजे सुती. टेरिकॉटचा मणी होतो. मागाच्या धाग्याला खळ असते हे काकूंनी सांगितलं म्हणून कळलं. ती खळ वातीत राहिली तर राख धरते आणि तेल वर चढू देत नाही. म्हणून सूत सोड्याच्या पाण्यात उकळून, दोनदा खळबळून वाळवलं. नंतर एक कप कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि दोन चमचे टाकणखार घालून त्यात रात्रभर. टाकणखारानं वात संथ जळते आणि राख कमी धरते.

तिपेडी वेण्या घातल्या. एका पेडात 8 धागे, दुसऱ्या नमुन्यात 12, तिसऱ्यात 16. वाळल्यावर वितळलेल्या मेणात बुडवून, ताणून, वर्तमानपत्रावर सरळ ठेवल्या.

23 सप्टेंबर

जळण्याची चाचणी, साडेसहा सेंटिमीटर तोंडाच्या काचेच्या ग्लासात, नुसतं मेण.

8 धागे: ज्योत हरभऱ्याएवढी. वातीभोवती विहीर खणत खाली गेली आणि तिथंच बुडाली.
16 धागे: ज्योत उंच, नाचरी. वर धरलेल्या पांढऱ्या बशीला लगेच काळं. ग्लास हाताला सोसेना.
12 धागे: तासाभरात वातीभोवती अडीच सेंटिमीटरचं तळं, अडीच-तीन तासांत काचेपर्यंत. बशी जवळजवळ स्वच्छ.

अंदाज असा की दर तासाला तळं साधारण एक इंच रुंद होतं. पहिल्यांदा पेटवताना ते काठापर्यंत पोचू द्यायचं, नाहीतर पुढच्या वेळीही त्याच गोलात खाली जातं. भेटीसोबतच्या चिठ्ठीत हे लिहायचंच.

26 सप्टेंबर

नवरात्र सुरू, फुलांचे भाव चढलेले, तरी निशिगंध आणला. निशिगंध आणि मोगरा-जाईच्या कुळातली फुलं तोडल्यावरही वास सोडत राहतात. गुलाबाचं तसं नाही. म्हणून यांचा वास गार चरबीत उतरवता येतो, आच लागत नाही.

स्टीलच्या परातीत खोबरेल आणि थोडं कोकमतेल एकत्र वितळवून बोटभर थर घातला. आमच्याकडे सध्या हवा गार, खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं, त्यामुळे थर लोण्यासारखा बसला. फुलांचे देठ काढून पाकळ्या खाली करून ओळीनं मांडली, वर दुसरी परात पालथी. ओलं फूल चालत नाही. पाणी गेलं की तेल खवट होतं, आणि मेणात पाणी गेलं की वात तडतडते. म्हणून फुलं आधी पंख्याखाली फडक्यावर. रोज जुनी काढायची, नवी मांडायची.

शेजारची मुलगी म्हणाली, "कुकरच्या शिट्टीला नळी लावून गवती चहाचं तेल काढूया की काकू." नको. शिट्टीत एक पात अडकली की काय होईल हे तिला समजावून सांगितलं. आणि घरगुती भांड्यात वासाचं पाणीच जास्त मिळतं, तेल थेंबभर.

30 सप्टेंबर

मामांकडे उद्यमबागला, कारखान्यांच्या वस्तीत. ते फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामात, साच्यांचे नमुने (पॅटर्न) करतात. ग्लासातल्या मेणबत्तीचं जमलं, पण नाताळासाठी उभी, जाड, आधाराशिवायची मेणबत्ती हवी आहे, आणि त्याला साचा लागतो. उद्या खंडेनवमी, यंत्रांची पूजा, मग कोण हात लावणार, म्हणून आजच गाठलं.

मामांनी माझं चित्र बघितलं आणि पेन्सिलीनं रेघा तिरक्या केल्या. "कास्टिंग काय अन् मेण काय, ड्राफ्ट दिल्याशिवाय बाहेर येत नसतंय." म्हणजे साच्याच्या भिंती तळाकडे किंचित निमुळत्या. ॲल्युमिनियमची सळी लेथवर आतून कोरायची, पॉलिश काढायचं, तळाला वातीसाठी बारीक भोक. मेणबत्तीचं बुड वरती येणार, म्हणजे मेणबत्ती साच्यात उलटी तयार होते.

मग विचारलं, "श्रिंकेजचं काय केलंय?" मेण थिजताना आकसतं, मधोमध खड्डा पडतो, हे सांगितलं. "मग राइझर ठेव." त्यांच्याकडे ओतलेल्या धातूवर जादा धातूचा साठा ठेवतात, आतलं आकसलं की तो वरून भरून काढतो. माझ्यासाठी राइझर म्हणजे थोडं मेण गरम राखून ठेवायचं, वर साय धरली की काडीनं दोन-तीन भोकं पाडायची आणि ते आत सोडायचं.

4 ऑक्टोबर

साचा आला. चकाचक. पैसे घेतले नाहीत, मेणबत्ती मागितली.

ॲल्युमिनियम उष्णता फार लवकर ओढतं. गार साच्यात मेण ओतलं की बाहेरची भिंत झटकन थिजते आणि अंगावर आडव्या रेघा येतात. साचा आधी गरम पाण्यात बसवून, कोरडा पुसून, मग ओतायचं. सुटायला दुसऱ्या दिवशी हलकं ठोकलं की पुरतं.

7 ऑक्टोबर, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

दवणा. चैत्रात सासरे जोतिबाच्या यात्रेला जाऊन आले. तेव्हाचा दवणा सासूबाईंनी कागदात गुंडाळून लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवलेला. सहा महिन्यांनीही ट्रंक उघडली की वास खोलीभर. गोडसर, पिकल्या फळासारखा, मागे थोडा कडवट. मेणाच्या मधाळ वासाशी याच्याएवढं दुसरं काही जुळणार नाही.

कोकमतेल 200 ग्रॅम, वाळका दवणा 40 ग्रॅम. एका पातेल्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, वर झाकण, 60-65 अंशांवर चार तास. थर्मामीटर नसेल तर हे काम करू नये. मेण आणि तेल थेट आचेवर ठेवायचं नाहीच. पाण्यात ठेवलं की पाण्याच्या उकळीवर ते जात नाही, आणि बेळगावच्या उंचीवर पाणी 97-98 लाच उकळतं. चुकून मेणानं पेट घेतलाच तर झाकण घालायचं, पाणी कधीच नाही. पाण्याची वाफ होऊन पेटतं मेण उडतं.

कोकमतेल का, तर खोबरेलापेक्षा कडक. 38-40 अंशांपर्यंत घट्ट राहतं, स्टिअरिक आम्ल भरपूर. भेगाळलेल्या टाचांना लावतात तेच. खोबरेल यंदा भलतंच महाग आहे हेही कारण आहेच.

10 ऑक्टोबर

प्रमाण ठरलं: मेण 6 भाग, दवण्याचं कोकमतेल 3, खोबरेल 1. या मिश्रणाला 12 धाग्यांची वात जड झाली, 10 ची बरोबर. वास नुसत्या तेलाचा हलका वाटला म्हणून वाफेवर काढलेलं दवण्याचं सुगंधी तेल विकत घेतलं, छोटी कुपी, अंगठीसारखी जपावी लागते. 100 ग्रॅममागे 5 ग्रॅम.

तेल घेताना एक खूण: टिपकागदावर थेंब टाकून रात्रभर ठेवायचा. हलकी तेलं उडून जातात. तुपकट डाग राहिला तर त्यात स्वस्त तेल मिसळलेलं असायची शक्यता. वाळा-चंदनाला ही खूण लागू नाही, ती जडच असतात.

तेल मिसळायची वेळ म्हणजे गॅस बंद केल्यावर, मेण 70 च्या आसपास असताना. लिंबाच्या तेलाचा फ्लॅश पॉइंट 50 च्या आतबाहेर, लवंगेचा शंभराच्या वर. लोकांना वाटतं त्या अंशाला वास उडून जातो. तो अंश एवढंच सांगतो की जवळ ज्योत असेल तर वाफ पेट घेऊ शकते. म्हणून गॅस बंद. बाकी वास उडतोच, झाकण लावलं की कमी.

12 ऑक्टोबर

दवणा, निशिगंध आणि सहज म्हणून कापूर, तिन्ही वासांची चाचणी, दार लावून, पंखा बंद.

दवणा: तासभर काही नाही. तळं काठाला टेकायला आलं तसा वास सुरू झाला, मग थांबला नाही. 10 बाय 10 च्या खोलीला पुरेसा, हॉलला नाही.

भीमसेनी कापूर, 100 ग्रॅमला 2: न पेटवता डोकं मोकळं करणारा वास. पेटवल्यावर ज्योत लांब, बशी काळीकुट्ट. रद्द. आरतीच्या तबकात तो मिनिटभर जळतो तेवढंच बरं. शिवाय घरात रांगतं मूल असेल तर कापूर गिळला जाण्याची भीती, ती वेगळीच.

निशिगंध: परातीतला थर नाकाशी धरला की अंगावर येतो. मेणात मिसळून पेटवला तर जवळजवळ शून्य.

याचा विचार संध्याकाळभर केला. ज्योतीत जे जातं ते जळून जातं, वासासकट. नाकापर्यंत येतो तो ज्योतीच्या पायाशी वितळलेल्या तळ्यातून उठणारा वास. तळं रुंद, उथळ आणि बेताचं गरम हवं. फुलांचा नाजूक वास वातीजवळच्या आचेत टिकतच नाही. मग निशिगंधाला ज्योतीत घालायचंच कशाला?

देवघरातली पणती घेतली, तिच्यावर तिपाईसारखी पितळी बैठक, वर चिनीमातीची वाटी, वाटीत निशिगंधाची चरबी दोन चमचे. पाच मिनिटांत घमघमाट. सासूबाई आतून उठून आल्या, "कुठनं आणलास गं गजरा?"

त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं की निशिगंधाला पणतीच लागते. दवण्याची मेणबत्ती, निशिगंधाची वाटी. दोन्ही द्यायचे.

15 ऑक्टोबर

कप. खानापूरची माती म्हटलं की आपल्याला कौलं आठवतात, पण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथंच आहे आणि भट्टीवालेही पुष्कळ. साध्या भाजक्या मातीचा एक कप चाचणीला घेतला: सच्छिद्र असल्यानं कोकमतेल रात्रीत बाहेर पाझरलं. तेलानं भिजलेला कप म्हणजे बाहेरूनही पेटू शकणारी वस्तू. पणतीसारखं आधी पाण्यात भिजवायचं म्हटलं तर ते पाणी मेणात. झिलई दिलेलेच कप घ्यायचे, आतून-बाहेरून.

17 ऑक्टोबर, वसुबारस

ओतकाम पूर्ण. वात 6 मिलिमीटरवर कापली.

जाऊबाईंचं म्हणणं होतं वर वाळक्या पाकळ्या, लवंगा, बडीशेप चिकटवली तर फोटोला छान दिसेल. दिसेल. पेटेलही. तळं झालं की पाकळी तरंगत वातीपाशी येते आणि दुसरी वात होते. मसाल्याची पूडही नको, ती वातीची तोंडं बंद करते. वरचा भाग गुळगुळीतच ठेवला. रंगासाठी एका कपात रतनजोत तेलात उतरवून घातली, फिकट जांभळट लाल आला. तो तेलात विरघळतो म्हणून चालतो.

मुलाचा किल्ला अंगणात तयार झालाय. बालेकिल्ल्यावर मेणबत्ती मागतोय. वाऱ्यात नाही देणार, तिथं पणतीच.

23 ऑक्टोबर, भाऊबीज

वाटून झाल्या. काल पाडव्याला गवळ्यांनी सजवलेल्या म्हशी गल्लीतून नेल्या, त्या गडबडीत मामांची मेणबत्तीही पोचवली. त्यांनी ती पेटवली नाही, उलटी करून तळाची राइझरची जागा बघितली.

तक्रार एकच: "वास येत नाही." तिघींनी सांगितलं, तिघींनीही अर्ध्या तासात विझवलेली. चिठ्ठीतलं वाक्य मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

30 नोव्हेंबर

कॅम्पातल्या ओळखीच्या एका आंटींनी नाताळासाठी उभ्या मेणबत्त्या सांगितल्या. त्यांना दवणा नको, "केकसारखा वास" हवा. लवंग तेल 2 भाग, दालचिनीच्या पानाचं 1, संत्र्याचं 3. एकूण 5 टक्के. दालचिनीच्या सालीचं तेल कातडीला झोंबतं, पानाचं त्यातल्या त्यात सौम्य, तरी हातमोजे घालूनच. संत्रं सगळ्यात आधी उडतं, म्हणून जास्त.

उभ्या मेणबत्तीत कोकमतेल घातलं नाही, ती थंडीतही मऊ पडून वाकेल. नुसतं मेण, 14 धागे.

14 डिसेंबर

थंडी पडली आणि मेणबत्त्यांवर पांढुरकी साय आली. आंटींचा फोन: "बुरशी आली काय गं?" बुरशी नाही. मधमाशीच्या मेणातले काही घटक थंडीत पृष्ठभागावर येतात. मऊ फडक्यानं पुसलं किंवा केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा क्षणभर दिली की जातं. पॅराफिनवर अशी साय सहसा धरत नाही, हेही सांगितलं. त्यांनी चार न पुसताच ठेवायला सांगितल्या, बर्फासारखं दिसतं म्हणून.

हिशोब, दवण्याच्या एका 100 ग्रॅम कपाचा: मेण 42 रुपये, कोकमतेल 18, खोबरेल 5, कप 25, दवण्याचं तेल आणि बाकी वेगळं. माझी मजुरी शून्य धरलीय. जळते साधारण तासाला 4 ग्रॅम, म्हणजे 25 तासांच्या आसपास. विकायचं ठरवलं तर दोनशेच्या खाली परवडत नाही, आणि तेलाची कुपी महाग झाली की तेही नाही. म्हणून पुढच्या चैत्रात सासऱ्यांना जोतिबाहून दवण्याची मोठी जुडी आणायला सांगायची, आणि 40 च्या जागी 80 ग्रॅम घालून कुपीशिवाय जमतं का ते बघायचं.

मुलानं विचारलं, 31 तारखेला जाळायच्या ओल्ड मॅनच्या, म्हणजे सरत्या वर्षाच्या पुतळ्याच्या, पोटात उरलेलं मेण घालू का. नाही. उरलेलं वितळवून पुढच्या वातींना लागेल.